एकशे एकोणपन्नास कवट्या

तुमच्या लॅपटॉपमध्ये एक आलेख आहे. तीन दिवस झाले, तुम्ही तो कुणाला दाखवलेला नाही. प्रोफेसरांच्या अंदाजाप्रमाणे रेघ चढत जायला हवी होती. तुमच्या आकड्यांतून ती आडवी निघते. नमुने पुन्हा तपासले, गणित पुन्हा मांडलं, एकदा तर रात्री दोनला उठून पहिल्यापासून सगळं केलं. रेघ आडवीच. मास्टर्सचा प्रबंध द्यायला सहा आठवडे उरलेत. शिक्षणकर्जासाठी बाबांनी राहतं घर तारण ठेवलंय. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या ११,९०४ युरोंतून महिन्याला ९९२ सुटतात आणि ते कसे संपतात, हे तुमचं तुम्हाला ठाऊक.

बर्लिनच्या यू-३ गाडीतून उतरून तुम्ही नेहमीच्या वाटेनं ग्रंथालयाकडं निघता. ईनेस्ट्रासे, इमारत क्रमांक २२. रोज तिच्यावरून जाता. आज भिंतीवरची पाटी वाचायला थांबता. १९२७ ते १९४५ या काळात इथं कैसर विल्हेल्म संस्था होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र हे तिचे विषय. तुम्ही जड दार खांद्यानं ढकलता.

पलीकडं पुणं आहे.

साल १९२८. इरावतीबाई कर्वे बावीस वर्षांच्या आहेत. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीचं, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये, आणि आत्ताच मुंबईला डॉ. घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम. ए. झालंय. आता त्यांना जर्मनीला जायचंय. घरात विरोध आहे आणि तो सासऱ्यांचा आहे. सासरे म्हणजे धोंडो केशव कर्वे. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ उभं केलं, ते अण्णा. तुम्ही गोंधळून जाता. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोंधळले होते. आता मला त्यात घरोघरचं काही दिसतं. जगाच्या लेकीसुनांसाठी उभं आयुष्य झिजवलेल्या माणसालाही आपली सून सातासमुद्रापार एकटी निघाली की पोटात कालवतं.

पतीचा मात्र पाठिंबा आहे. दिनकरराव रसायनशास्त्राचे, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. तिथं काय मिळतं हे त्यांना माहीत आहे. प्रश्न पैशांचा. काँग्रेसचे डॉ. जीवराज मेहता, जे पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते कर्ज देतात. कर्ज म्हटल्यावर तुम्ही भिंतीला टेकून नीट ऐकू लागता. घरच्यांचा होकार अर्धवट, पैसे उसने, आणि वर्षभराचं बोलणं एकाच पेटीत कोंबलेलं. शंभर वर्षांत यातलं फार काही बदललेलं नाही.

बॅलार्ड पियर, बोट, सुएझ, मग आगगाडी. नोव्हेंबरमध्ये तुम्ही बर्लिनला पोचता.

भाषा तुम्हाला वाटली होती तितकी परकी निघत नाही. इंग्रजी शिकताना जे हरवलं होतं ते इथं परत मिळतं: तो, ती, ते. टेबल तो, दिवा ती, पुस्तक ते. लांब वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि तोवर सगळ्यांनी वाट बघायची, अगदी आपल्यासारखं. पण दुकानात पाव मागताना जीभ अडखळते, आणि मागं उभी असलेली बाई उसासा टाकते. तो उसासा तुम्ही घरी घेऊन येता.

मग फेब्रुवारी १९२९ येतो. त्या हिवाळ्याची थंडी युरोपभर गाजली. बर्लिनमध्ये पारा उणे २० च्याही खाली उतरला. खोलीतली फरशांची उंच शेगडी सकाळी गार पडलेली असते. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी धरते. कोळसा तळघरातून स्वतः आणायचा, आणि घरमालकीण मोजून देते. तांब्याभर कढत पाण्यासाठी तुम्ही काय वाटेल ते द्याल.

शहरात हिंदी विद्यार्थी बरेच आहेत; त्या काळी ‘हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानातले. झाकिर हुसेन इथून डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले. राममनोहर लोहिया १९२९ मध्ये येतील. विलायतेला जायचं म्हणजे राज्यकर्त्याच्या घरी शिकायला जाणं. बर्लिनमध्ये ते ओझं नाही. इथं तुम्ही फक्त परके असता, प्रजा नसता. निदान सुरुवातीला तसं वाटतं.

आता संस्थेच्या आत या. इमारत अजून नवी आहे, उघडून दीड वर्षही झालेलं नाही. संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर. १९०८ मध्ये त्यांनी जर्मनीच्या नैऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेतली, १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि वंशाच्या शास्त्रात त्यांचं नाव झालं. इरावतीबाई त्यांच्या विद्यार्थिनी आहेत, आणि त्यांच्या पुढ्यात विषय आला आहे तो कवटीचा.

फिशरांचा तर्क असा: गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि त्याला जागा लागते. तो मोठा, म्हणजे बुद्धी जास्त. इतर वंशांत ही विषमता कमी सापडायला हवी. एवढं मोजून दाखवायचं.

टेबलावर कवटी आहे. कपाळावर काळ्या शाईनं क्रमांक. संग्रहातल्या कित्येक कवट्या जर्मन वसाहतींतून आलेल्या. कुठून कशा उचलल्या, ते क्रमांक सांगत नाही. तुम्ही जवळ वाका. माथ्यावरची शिवण बघा, गोधडीच्या वाकड्या टाक्यासारखी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडं गेलेली. मोजायला एक कैवार बाकदार पायांचा, एक सरळ पट्टीवर सरकणारा. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत मधली रेघ कल्पायची, मग तिच्यापासून डावीकडचं अंतर घ्यायचं आणि उजवीकडचं. कैवाराची टोकं हाडाला नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. दाबलं की आकडा बदलतो. आणि हवा तो आकडा यावा असं मनात असलं की बोट नकळत दाबतंच. हे तुम्हालाही प्रयोगशाळेतून ठाऊक आहे.

इरावतीबाई मोजतात. डावं, उजवं. लिहितात. कवटी अलगद फिरवून दुसरी बाजू घेतात. डावं, उजवं. लिहितात. बोटं थंडीनं आखडली की हात चोळतात. कवटी पेटीत जाते, दुसरी येते. अशा १४९.

तुम्हाला त्या टेबलाशी बराच वेळ बसवायचं होतं, कारण माझ्या मते परदेशातल्या शिक्षणाचा गाभा इथं आहे. पदवीदानाचे फोटो नंतरचे. वसाहतीतून आलेली एक विद्यार्थिनी दुसऱ्या वसाहतीतून आलेल्या माणसाची कवटी हातात धरून आहे, आणि तो माणूस कमी होता हे तिनं आकड्यांनी सिद्ध करावं, अशी अपेक्षा आहे. फिशरांच्या तक्त्यात तिची स्वतःची जागा कुठं, हे तिला विचारण्याची गरज कुणाला वाटलेली नाही.

ऑगस्ट १९२९. कैवार जरा खाली ठेवा, बातमी आहे. अण्णा कर्वे युरोपात आहेत. एकाहत्तराव्या वर्षी ते दौऱ्यावर निघालेत, आणि जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदुस्थानातला प्रयोग या विषयावर भाषण केलं आहे. तिथून ते डेन्मार्कला एल्सिनोरच्या संमेलनाला. सासरे व्यासपीठावर, सून कवट्यांच्या टेबलाशी, दोघंही एकाच खंडात, एकाच कामाच्या दोन टोकांना. मला हे चित्र फार आवडतं. विरोध कसा निवळला हे मी तुम्हाला सांगू शकणार नाही, पण ही दोन माणसं वाटेवर एकमेकांच्या किती जवळ होती ते नकाशात बोट ठेवून बघा.

परत टेबलाशी. आकडे भरत आलेत आणि त्यांतून जे निघतंय ते फिशरांच्या तर्काशी जुळत नाही. कवट्या विषम आहेत, हे खरं. पण सगळ्यांच्याच. कुणाची डावीकडं झुकलेली, कुणाची उजवीकडं, आणि त्या झुकण्याचा वंशाशी मेळ लागत नाही. गोऱ्या माणसाचं कपाळ वेगळं काही सांगत नाही.

या वेळी इरावतीबाईंना सोपं काय होतं, ते बघा. १४९ म्हणजे काही हजारो नव्हेत. नमुना अपुरा, असं म्हणून विषय मोघम सोडता आला असता. दोन-चार कवट्या खराब म्हणून बाजूला ठेवता आल्या असत्या. गुरू नावाजलेले, संस्था त्यांची, पदवी त्यांच्या हातात. मागं पुण्यात कर्ज उभं. रिकाम्या हातानं परतणं म्हणजे काय, हे कर्ज काढून शिकायला गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि वाद घालायला भाषाही आपली नाही. जर्मनमध्ये ‘नाही’ म्हणायचं, तर वाक्याचा तोल सांभाळता सांभाळता आवाज खाली येतो.

त्यांनी प्रबंधाचं शीर्षक लिहिलं: मानवी कवटीची सर्वसाधारण विषमता. आणि निष्कर्षात लिहिलं की वंशाचा आणि या विषमतेचा संबंध आढळला नाही.

१९३० चा सप्टेंबर आहे. निवडणूक झाली आहे. दोन वर्षांपूर्वी १२ जागा असलेल्या नाझी पक्षाला १०७ मिळाल्यात. कोपऱ्यावर तपकिरी शर्टातली पोरं पत्रकं वाटतायत. तुम्हाला पुढचं माहीत आहे. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर होतील. त्यांच्यानंतर संचालक होणाऱ्या फेर्शुअरांचा जुना सहायक मेंगेले आउशविट्झमधून याच पत्त्यावर माणसांचे डोळे आणि रक्ताचे नमुने पाठवील. तुम्ही इरावतीबाईंना हे सांगायला तोंड उघडता आणि आवाज फुटत नाही. त्यांना यातलं काहीही ठाऊक नाही. इतिहास आपल्या बाजूनं निकाल देईल अशा भरवशावर त्यांनी ते वाक्य लिहिलेलं नाही. कैवारानं दाखवलं ते लिहिलं आहे.

दोन वर्षांत डॉक्टरेट हातात आली. परतल्यावर त्या महाराष्ट्रभर हिंडल्या, माणसं मोजली, पण त्यांच्याशी बोलल्याही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात, आणि पुढं महाभारतावरचं ‘युगान्त’. ते तुम्ही वाचलेलं आहे.

दार पुन्हा खांद्यानं ढकलावं लागतं. बाहेर आजचं ईनेस्ट्रासे. सायकली, कॉफीचे कागदी पेले, सहा-सात भाषांतली बडबड. पलीकडं ग्रंथालयापाशी २०१४ मध्ये खोदकाम करताना मानवी हाडं सापडली. पुढच्या खोदकामांत मिळून हजारो तुकडे निघाले, आणि मार्च २०२३ मध्ये डालेमच्या दफनभूमीत ते एकत्र पुरले. कोण कुठला, हे ओळखू येत नव्हतं. वंशाप्रमाणे वर्गवारी पुन्हा करायची नाही, असं ठरवूनच ती माती दिली गेली.

तुम्ही ग्रंथालयात जागा धरता. लॅपटॉप उघडता. मोबाइलवर बँकेचा मेसेज आलाय, हप्त्याची आठवण. आईचा एक, जेवलीस का.

उद्या अकराला प्रोफेसरांबरोबर मीटिंग आहे. तुम्ही फाइल उघडता, आडव्या रेघेचा तो आलेख उचलता आणि पहिल्या पानावर आणून ठेवता.