महादेव विश्वनाथ धुरंधर

महादेव विश्वनाथ धुरंधर (जन्म : १८ मार्च १८६७, कोल्हापूर, मृत्यू : १ जून १९४४, मुंबई) हे मराठी चित्रकार, कथाचित्रकार व कलाशिक्षक होते. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकातील त्यांची चित्रे मराठी कहाण्यांच्या सचित्र परंपरेत महत्त्वाची मानली जातात.

शिक्षण व अध्यापन

धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तेथील प्राचार्य होते. पुढे धुरंधर त्याच संस्थेत शिक्षक झाले व १९३१ पर्यंत तिच्याशी निगडित राहिले. या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात लिहिल्या आहेत.

कथाचित्रे

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये वॉल्टर क्रेन, केट ग्रीनअवे आदी चित्रकारांमुळे मुलांच्या रंगीत पुस्तकांना प्रतिष्ठा लाभली होती. रंगीत छपाई सुधारल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जलरंगातील चित्रे असलेली परीकथांची पुस्तके लोकप्रिय झाली. सनदी अधिकारी चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ याच काळातील असून ते लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रकाशित केले.

नाव बालकथांचे असले, तरी त्यातील कथा मूळच्या व्रतांच्या कहाण्या आहेत. आरंभी रविवारपासून शनिवारपर्यंतच्या वारांच्या कहाण्या येतात. नागोबा, महालक्ष्मी, सोमा परटीण यांच्या कथाही त्यात आहेत. घरोघरी स्त्रिया श्रावणात पूजेनंतर या कहाण्या सांगत व ऐकत. इंग्रजीत त्या व्रताच्या विधीपासून सुटून परीकथा झाल्या. ‘आटपाट’ नगराचे नाव मात्र किंकेड यांनी कायम ठेवले.

या नगराला कहाणीत काळ वा ठिकाण नसते. चित्रात मात्र पेहराव, दागिने व वास्तू निश्चित कराव्या लागतात. धुरंधरांनी युरोपीय वास्तववादी शैलीत, पण येथील जीवनाच्या निरीक्षणातून ही पात्रे साकारली. त्यामुळे इंग्रजी वाचकांसाठी निघालेल्या या पुस्तकातील माणसे मराठी वाचकाला ओळखीची वाटतात.

इतर कार्य

एस. एम. एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) व ऑटो रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ही पुस्तकेही धुरंधरांच्या चित्रांनी सजली आहेत. त्यांनी पौराणिक व ऐतिहासिक चित्रे, तसेच मुंबईच्या जीवनावरील पोस्टकार्डेही काढली. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या.