वुमन्स बायबल, द

बायबलमधील स्त्रीविषयक उताऱ्यांवर अमेरिकेतील स्त्रियांनी लिहिलेले इंग्रजी भाष्य. पहिला खंड (पंचग्रंथ) 1895, दुसरा (यहोशवा ते प्रकटीकरण) 1898. संपादन व बहुतांश लेखन एलिझाबेथ केडी स्टँटन (1815–1902) यांचे.

पार्श्वभूमी : स्त्रियांना मताधिकार नाकारताना धर्मोपदेशक हव्वेचे पाप आणि पौलाची पत्रे पुढे करीत. 1881–85 मध्ये निघालेल्या इंग्रजी सुधारित भाषांतराच्या समित्यांत एकही स्त्री नव्हती. स्टँटन यांनी म्हणून स्त्रियांचीच समिती नेमली. ज्युलिया स्मिथ यांनी मूळ भाषांतून एकटीने केलेले व 1876 मध्ये छापलेले भाषांतर त्यांनी जवळ ठेवले. स्मिथ यांचे हे काम आजही उपेक्षित आहे.

भाष्य : छापील प्रतींतून उतारे कापून वहीत चिकटवायचे व खाली टीप लिहायची, अशी पद्धत होती. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नर व नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे. स्टँटन यांनी तेच प्रमाण मानले. पुरुषाच्या बरगडीपासून स्त्री घडवल्याची दुसऱ्या अध्यायातील कथा स्त्रीला दुय्यम ठरवण्यासाठी मागाहून घातली गेली, हे त्यांचे मत मात्र टिकलेले नाही. बहुतेक अभ्यासक ती कथाच आधीची मानतात. राजाच्या मेजवानीत मिरवण्यास नकार देणारी वश्ती राणी त्यांना वंदनीय वाटते. बापाच्या नवसापायी बळी गेलेल्या इफ्ताहाच्या मुलीने त्याला ठाम नकार द्यायला हवा होता, असे त्या लिहितात. स्त्रीची आज्ञाधारकता हाच तिचा सद्गुण का, हा प्रश्न इतक्या थेटपणे आधी क्वचितच विचारला गेला होता. ग्रंथाचे मोल मुख्यतः यात आहे. पौलाच्या पत्रांवरील टिपा त्रोटक आहेत.

वाद : जानेवारी 1896 मध्ये वॉशिंग्टनच्या अधिवेशनात राष्ट्रीय अमेरिकी स्त्री-मताधिकार संघटनेने या ग्रंथाशी आपला संबंध नसल्याचा ठराव 53 विरुद्ध 41 मतांनी संमत केला. स्टँटन याच संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा. ठरावाच्या वेळी अध्यक्षपदी असलेल्या सुझन बी. अँथनी यांना ग्रंथाची फारशी ओढ नव्हती. तरीही ठराव म्हणजे विचारस्वातंत्र्याचा संकोच, असे सांगत त्यांनी त्याला विरोध केला.

उत्तरकाल : ज्यू धर्माविषयीच्या पूर्वग्रहाबद्दल ग्रंथावर पुढे टीका झाली. कृष्णवर्णीय स्त्रियांचा त्यात सहभाग नव्हता. शताब्दीच्या सुमारास एलिझाबेथ श्युस्लर फियोरेंझा यांनी नवे सामूहिक भाष्य संपादित केले (1993–94).

मराठीत अशा स्वरूपाचे भाष्य झाले नसले, तरी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर महत्त्वाचे आहे (प्रकाशन 1924, मृत्यूनंतर). पाहा : रमाबाई, पंडिता.