हरवलेली गाणी आणि नाममुद्रा

आंबेडकरी चळवळीचा इतिहास आधी गायला गेला, मग लिहिला गेला. ज्यांच्या हातात छापखाना नव्हता, त्यांच्या हातात ढोलकी आणि खंजिरी होती. भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला, तेव्हा त्या जलशाचे दप्तर कलावंतांच्या स्मरणात होते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. त्यांची गाणी मात्र अक्षरशत्रू माणसालाही तोंडपाठ होती.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट काढली आणि १९८० च्या सुमारास ती आमच्या वस्तीत पोचली. तबकडी काढायला कंपनी लागे, कॅसेट भरायला शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर पुरे. माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर तुर्भ्याच्या दगडखाणीत कामाला आले. दर ६ डिसेंबरला ते चैत्यभूमीवरून एखादी कॅसेट आणत, १४ एप्रिलच्या कार्यक्रमात स्वतः ध्वनिमुद्रण करत. त्यांच्यामागे अडतीस कॅसेटी राहिल्या.

त्या मी संगणकावर उतरवल्या. वेव्ह स्वरूपात ४१२ गाणी झाली. या स्वरूपात मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते, एमपी३ मध्ये साधारण एक. वाटायला सोपे म्हणून एका जुन्या प्रोग्रॅमने सगळ्यांचे एमपी३ केले आणि एकाच फोल्डरात टाकले. मोजली तर ३७८ भरली. चौतीस गाणी कुठे गेली?

शोध घेतला तेव्हा कारणे कळली, आणि ती नुसती यंत्राची नव्हती. तीन कॅसेटींवर चिठ्ठीच नव्हती. त्यांतल्या गाण्यांना मी ‘गाणे १’, ‘गाणे २’ अशी नावे दिली होती. एका फोल्डरात येताच एकाच नावाचे नवे गाणे जुन्यावर बसले आणि जुने पुसले गेले. अशी तेवीस गेली. उरलेल्या अकरांची नावे माझ्या मुलीने देवनागरीत लिहिली होती. बाकीची मी रोमन लिपीत. त्या प्रोग्रॅमला देवनागरी येत नव्हती. त्याने प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह केले. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून ती गाणी त्याला सापडलीच नाहीत आणि तो मुकाट पुढे गेला. ज्याला नाव नाही तो पुसला जातो, आणि ज्याचे नाव आपल्या लिपीत आहे तो मोजलाच जात नाही. हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

मूळ वेव्ह फायली होत्या, म्हणून ही चौतीस परत मिळाली. वेगवेगळी नावे दिली, देवनागरी जाणणारा प्रोग्रॅम घेतला. बेरीज जुळली. त्या आनंदात मी एक मूळ फोल्डर पुसून टाकला. नंतर कळले, डिस्क भरल्यामुळे त्यातली सात गाणी नुसत्या नावाने उरली होती. आकार शून्य. मोजणीत ती होती, ऐकण्यात नव्हती. कॅसेट पुन्हा लावली. चार गाणी निघाली आणि फीत अडकून तुटली.

तीन उरली. त्यांतली दोन आईने म्हणून दाखवली. एकाचा कवी मला माहीत नव्हता. आई शेवटच्या कडव्याला आली आणि ‘वामन’ हे नाव उच्चारले गेले. आपले शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतात, ती नाममुद्रा. फायलीचे नाव गेले तरी गाण्याच्या पोटात कर्त्याची सही राहते. आमच्या चार कॅसेटींवर मात्र बाजू संपल्यामुळे नेमके शेवटचे कडवेच तुटलेले आहे. अशीच गाणी पुढे ‘पारंपरिक’ म्हणून फिरतात आणि दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. घराघरांतल्या कॅसेटी उतरवा. मूळ प्रत पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा. गाणी मोजा आणि मोजून झाल्यावर शेवटपर्यंत ऐका. कवी, गायक, गाव, साल लिहून ठेवा. आणि यंत्राआधी म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. आमचे तिसरे गाणे ज्यांना येत होते, त्यांच्याकडे जायला मला उशीर झाला.