७ जानेवारी २०२० : नाशिकची पहिली गदा

पुण्यातल्या बालेवाडीत ‘महाराष्ट्र केसरी’ची कुस्ती स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चर्चा गतविजेता बाला रफिक शेख आणि २०१७चा विजेता अभिजित कटके यांचीच होती. दोघेही अंतिम फेरीपर्यंत पोहोचले नाहीत. कटकेला रोखले नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने. मूळचा अकोले तालुक्यातला हा मल्ल भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडला. अंतिम लढतीत समोर लातूरचा शैलेश शेळके. गंमत अशी, की दोघेही प्रशिक्षक काका पवारांचेच पठ्ठे. रोजचे डाव एकमेकांना पाठ! हर्षवर्धनने ३-२ अशी बाजी मारली आणि नाशिकला ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली गदा मिळाली. निकालानंतर त्याने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतले.