देवळालीचे मास्तर आणि ६१७४

इंजिनिअरिंगला न्यूमेरिकल मेथड्समध्ये इटरेशन आपण सगळ्यांनीच केलंय. आलेलं उत्तर परत त्याच सूत्रात घालायचं, परत, परत... आकडा हलायचा थांबला की खाली दोन रेघा मारून मोकळे. पण तो थांबतो का? तेव्हा विचारायला वेळ कुणाला होता म्हणा! :-)

ह्या 'का'चं एक सुंदर उत्तर स्तेफान बानाख ह्या पोलिश गणितज्ञानं दिलं. १९२० साली डॉक्टरेटसाठी सादर केलेला त्याचा प्रबंध १९२२ मध्ये छापून आला, त्यात हे प्रमेय आहे. म्हणजे बघा, पुण्याचा नकाशा बिबवेवाडीतल्या एखाद्या घरात फरशीवर टाका. नकाशावरचा एक आणि एकच बिंदू बरोब्बर स्वतःच्या खऱ्या जागेवर पडतो. कारण नकाशा सगळी अंतरं ठरावीक पटीत लहान करतो. अशी प्रत्येक क्रिया पुन्हा पुन्हा केली की, सुरुवात कुठूनही असो, आपण एकाच स्थिर बिंदूकडे जातो.

आता आपल्याकडे या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण आपल्या फर्ग्युसनला, १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. पुढे १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, नुसता आकड्यांचा नाद! १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक शोध मांडला. चार आकडी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत). अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच.

आमच्या बिबवेवाडीचा पिनकोड ४११०३७. शेवटचे चार अंक घेऊ, १०३७. ७३१० वजा ०१३७ म्हणजे ७१७३. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. पुढे काय? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! अशा ९९९० संख्यांपैकी कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते.

हे आपोआप व्हायलाच हवं असं नाही हं. दोन अंकी संख्यांवर हेच करा: ०९, ८१, ६३, २७, ४५, परत ०९. चक्क इन्फिनिट लूप.

बरं, बानाखचं प्रमेय इथे सरळ लागत नाही. १००० आणि १००१ मध्ये अंतर १. एका पायरीनंतर होतात ०९९९ आणि १०८९, अंतर ९०! आकुंचन कुठलं, हे तर फुगलं. मग कापरेकरांचा शोध म्हणजे नुसता अंकांचा खेळ? असं नाक मुरडणारे त्यांच्या काळात होतेच.

पण १९५९ साली चेस्वाव बेसागा ह्या दुसऱ्या पोलिश गणितज्ञानं बानाखचं प्रमेय उलटं करून दाखवलं. क्रिया लागोपाठ कितीही वेळा केली तरी स्थिर बिंदू एकच राहत असेल, तर अंतर मोजायची अशी पट्टी असतेच, जिच्यावर ती क्रिया आकुंचन ठरते. कापरेकरांसाठी ही पट्टी आपणच बनवू. दोन वेगळ्या संख्यांपैकी ६१७४ पासून जास्त पायऱ्या लांब कोण ते बघा. जितक्या पायऱ्या, तितके २ एकमेकांना गुणा. ते झालं अंतर. १००० पाच पायऱ्या लांब, १००१ चार. म्हणून अंतर ३२. पुढच्या पायरीला १६, मग ८... दर वेळी निम्मं, निदान!

म्हणजे आकुंचन होतंच, आपली पट्टी चुकीची होती.

माणसांचंही तसंच. पदवीच्या पट्टीनं मोजलेल्या ह्या मास्तरांची ओळख १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून जगाला करून दिली, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले. ६१७४ ला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

असो. मोबाईल नंबरचे शेवटचे चार अंक घ्या आणि बसा वजाबाक्या करत. कॅल्क्युलेटर न वापरता हं!