काचेवरचा कागद फाडू नका

नवी गाडी दारात आली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि कंपनीचे कागद पिशवीसकट रद्दीत जातात. मित्रांनो, जरा थांबा.

अमेरिकेत विक्रेते मनाला येईल ती किंमत सांगायचे. म्हणून सिनेटर माइक मोनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली कायदा झाला. नव्या गाडीच्या काचेवर मॉडेल, जादा सुविधा आणि किंमत छापलेला कागद सक्तीचा झाला. तो काढायचा हक्क फक्त ग्राहकाला!

गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी आलेला हाच कागद आज जुन्या गाड्यांच्या बाजारात पुरावा ठरतो. कॉर्व्हेटच्या पेट्रोल टाकीवर कामगारांसाठी चिकटवलेली यादीही शौकीन जपून काढतात. कारण रंग नवा देता येतो, इंजिन बदलता येतं, बिल्ला विकत मिळतो. गाडी कारखान्यातून कशी निघाली, हे कागदच सांगतो.

वडिलांच्या स्कूटरची पावती आणि पुस्तिका मीच रद्दीत घातली. स्कूटर आहे, पण तिची गोष्ट गेली.

तुम्ही तसं करू नका. पावती, मॅन्युअल, सर्व्हिस बुक, दुसरी चावी, बदललेले मूळ पार्ट, सगळं कोरड्या जागी एकत्र ठेवा.

तुमच्या घरात कुठल्या गाडीचे जुने कागद आहेत? फोटो टाका.