संगणकाची बदलती कार्यप्रणाली आणि मराठी वापरकर्त्याचा प्रतिसाद : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाची नवी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, बाजारात आली की पडद्यावरील मांडणी बदलते, सवयीची बटणे जागा सोडतात आणि वापरकर्त्यांमध्ये नाराजी उमटते. ही बाब जगभर अनुभवास आली आहे. या नाराजीचा अर्थ बहुधा 'लोकांना बदल नको असतो' एवढाच लावला जातो. मराठी वापरकर्त्याच्या बाबतीत हा अर्थ अपुरा ठरतो. इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी नवी कार्यप्रणाली म्हणजे मुख्यतः नवी दर्शनी मांडणी होती. मराठी लिहिणाऱ्यासाठी मात्र तिच्याबरोबर कळफलक, अक्षरांचा संकेत, अक्षराचे रूप आणि जुने दस्तऐवज वाचता येण्याची शक्यता या चारही गोष्टी बदलल्या.

प्रस्तुत लेखात इ. स. २००० नंतरच्या या स्थित्यंतराचा आढावा घेण्यात आला आहे. अहमदनगर जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. लेखातील बहुतांश घडामोडी त्यापूर्वीच्या असल्याने त्या काळापुरते जुने नाव वापरले आहे. वापरकर्त्यांचा विरोध हा अज्ञानातून आलेला नसून कमावलेले कौशल्य आणि साठविलेले दस्तऐवज यांच्या रक्षणासाठी होता, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका : मोडीकडून बाळबोधाकडे

लेखनव्यवहारातील असे स्थित्यंतर महाराष्ट्राला नवे नाही. मोडी ही कारकुनाच्या वेगासाठी घडलेली लिपी होती. आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा आखून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेषेखाली ओढत न्यायची, ही तिची पद्धत होती. छपाईला मात्र सुटी, नेमकी अक्षरे सोयीची असल्याने मुद्रित मराठी बाळबोध लिपीकडे वळली. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगर येथेच सुरू झाले. म्हणजेच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या शहरात छापील बाळबोध आणि हाताने लिहिली जाणारी मोडी या दोन्ही व्यवस्था शेजारी नांदत होत्या.

मुंबई सरकारने १९१७ मध्ये प्रशासनात मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचे ठरविले. तथापि आदेश निघाल्याबरोबर हात बदलला नाही. जुन्या पिढीतील कारकून, सावकार व व्यापारी १९४० च्या दशकापर्यंत हिशेब आणि खासगी पत्रे मोडीतच लिहीत राहिले. त्यांचा वेग मोडीत होता आणि त्यांच्या वह्याही मोडीत होत्या. पुढे मोडी शिकविणे थांबले व वाचणारे कमी झाले. परिणामी आज जमिनीच्या जुन्या कागदाचा अर्थ लावण्यासाठी मोडी वाचकाचा शोध घ्यावा लागतो. अहमदनगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातील मोडी कागदपत्रांचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकालाही आधी लिपी शिकावी लागते. साधन बदलताना जुने लेखन नव्या साधनात आणण्याची व्यवस्था झाली नाही, तर दोन पिढ्यांत ते लेखन मुके होते, हा या स्थित्यंतराचा धडा आहे.

टंकलेखन यंत्राचा वारसा

स्वातंत्र्योत्तर काळात कार्यालयीन मराठीचे मुख्य साधन टंकलेखन यंत्र होते. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी टंकलेखन संस्था उभ्या राहिल्या. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची गती आवश्यक असल्याने ग्रामीण तरुणांसाठी हे प्रमाणपत्र नोकरीचे दार ठरले. संगमनेर, श्रीरामपूर किंवा शेवगाव येथील विद्यार्थ्याने सहा महिने घासून मिळविलेली ही गती म्हणजे त्याचे भांडवल होते.

या यंत्राची रचना अक्षराच्या आकारावर आधारलेली होती. अर्धे अक्षर आधी उमटवून मग काना देऊन ते पूर्ण करायचे. 'कि' लिहिताना कागदावर वेलांटी आधी येते म्हणून वेलांटीची कळ आधी दाबायची. 'कर्म' लिहिताना 'क' व 'म' उमटवून शेवटी रफार चढवायचा. थोडक्यात, डोळ्यांना जे जसे दिसते ते त्याच क्रमाने बोटांनी उमटवायचे.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाचे तत्त्व याच्या नेमके उलट होते. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असून क्रम उच्चाराचा आहे. 'कि' साठी आधी 'क' आणि मग वेलांटी, तर 'कर्म' साठी 'क', 'र', हलन्त आणि 'म' असा क्रम असतो. सर्व भारतीय लिपींना एकच कळफलक चालतो, हा त्याचा मोठा गुण होय. नवशिक्यास तो सोपा जातो. परंतु ज्याची बोटे टंकलेखन यंत्रावर तयार झाली, त्याला तो जवळजवळ पुन्हा लिहायला शिकण्यासारखा होता.

फाँटचे युग आणि त्याची मर्यादा

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाच्या आधारे संगणकावर भारतीय लिपी आणल्या. पुढे विंडोजचा प्रसार झाल्यावर सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि आकृती यांसारख्या प्रणाली छापखाने, वृत्तपत्रे व कार्यालये यांत रुजल्या. त्यांच्यात टंकलेखन यंत्राचा कळफलक उपलब्ध असल्याने टंकलेखकाचे भांडवल शाबूत राहिले. त्यांच्या यशाचे हे एक प्रमुख कारण होय.

तथापि या फाँटमध्ये एक मूलभूत तडजोड होती. विंडोज ९८ पर्यंतच्या कार्यप्रणालीस देवनागरी ठाऊक नव्हती. त्यामुळे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविण्यात आले. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी चिन्हांचाच होता. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की अगम्य रोमन चिन्हे दिसत. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. सभासदांची यादी अकारविल्हे लावणे किंवा अहवालात एखादे गाव शोधणे हेही सरळपणे जमत नसे.

नवी कार्यप्रणाली : विंडोज २००० ते विंडोज १०

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा भाग इस्की या भारतीय संकेतावर बेतलेला होता. विंडोज २००० मध्ये प्रथमच कार्यप्रणालीच्या स्तरावर देवनागरी आली. तिच्यासोबतचा 'मंगल' हा फाँट सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता. म्हणजे या बदलात मराठी कलावंताचा हात होता. तरीही मराठी वापरकर्त्याचे स्वागत थंडच राहिले. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

पहिले कारण मांडणीचे होते. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, पण ती आपोआप चालू नव्हती. प्रादेशिक भाषांच्या विभागात जाऊन एक चौकट निवडावी लागे आणि त्यासाठी विंडोजची मूळ सीडी लागे. ही सीडी ग्राहकाजवळ नसली की काम तेथेच अडे. ती सोय चालू नसलेल्या संगणकावर वेलांटी भलत्याच ठिकाणी दिसे व जोडाक्षरे फुटत. 'युनिकोडमध्ये मराठी चुकते' हा समज येथून पसरला. जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही अडचण दूर झाली, परंतु तोवर समज पक्का झाला होता.

दुसरे कारण अक्षररूपाचे होते. पडद्यावर दिसणारे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते. मराठी शाळेत गिरविलेला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' तेथे नव्हता. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये मिळाले. तोपर्यंत ते 'अ' वर चंद्र देऊन साधले जाई. परिणामी दिसायला एकच असणारे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठले आणि शोध घेताना एकाने दुसरे सापडेनासे झाले. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतील अर्ध्या 'र' चीही तीच गत झाली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप निश्चित केले आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने त्यात सुधारणा केली. अक्षराच्या वळणाविषयीची वापरकर्त्यांची तक्रार क्षुल्लक नव्हती, हेच यातून सिद्ध होते.

तिसरे कारण व्यवसायाचे होते. नियतकालिकांची पाने ज्या पेजमेकरमध्ये लागत, ते युनिकोड देवनागरी स्वीकारत नव्हते. इनडिझाईनमध्ये भारतीय लिपींची सोय अधिकृतपणे २०१२ च्या आवृत्तीत आली. त्यामुळे कार्यालयाने युनिकोडमध्ये मजकूर दिला तरी छापखाना तो पुन्हा जुन्या फाँटमध्ये नेत असे. दुसरीकडे ६४ बिट विंडोजवर १६ बिटांच्या जुन्या आज्ञावली चालेनात, तर जुन्या पॅरलल पोर्टवर लावायची हार्डवेअर कुलपे नव्या संगणकांना लावता येईनात. म्हणून कित्येक ठिकाणी जुना संगणक केवळ मराठीसाठी जपून ठेवला गेला. विंडोज एक्सपीचे अधिकृत साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपल्यानंतरही हे चालू राहिले.

दर्शनी मांडणीतील बदलांचा फटका याशिवाय होता. एमकेसीएलने २००१ पासून राबविलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने ग्रामीण भागात संगणकसाक्षरता नेली. परंतु इंग्रजी पडद्यावरील शब्दांचा अर्थ न लागणारा शिकाऊ कोणत्या यादीत कितव्या ओळीवर जायचे, हे पाठ करून काम करी. ऑफिस २००७ मध्ये या याद्या जाऊन पट्टी आली आणि २०१२ मधील विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण गेले, तेव्हा त्याचे पाठांतर निरुपयोगी ठरले. जगभरच्या नाराजीनंतर २०१३ मध्ये विंडोज ८.१ मध्ये ते बटण आणि २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये स्टार्टची यादी परत आली. वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियेपुढे बलाढ्य कंपनीलाही मागे यावे लागते, याचे हे ठळक उदाहरण होय. मराठी वापरकर्त्यांची संख्या मोठी असली तरी त्यांची तक्रार संघटित नव्हती. म्हणून टंकलेखन यंत्राच्या कळफलकाला विंडोजमध्ये असे पुनरागमन लाभले नाही.

स्वीकार कसा झाला

युनिकोडचा स्वीकार अखेर झाला, पण तो केवळ आदेशाने झाला नाही. त्यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे आयएसएमसारख्या साधनांच्या पुढील आवृत्त्यांनी टंकलेखन यंत्राच्या कळफलकावरून युनिकोड लिहिण्याची सोय दिली. बोटांचा क्रम जुना आणि साठवण नवी अशी ही सांगड होती. दुसरी गोष्ट म्हणजे टंकलेखन न शिकलेल्यांसाठी उच्चारानुसारी लेखन आले. रोमन अक्षरांत उच्चार लिहिला की देवनागरी उमटू लागली. विंडोज १० मध्येही २०१९ साली मराठीसह दहा भारतीय भाषांचे असे कळफलक आले. स्मार्टफोनमुळे तर मराठी लेखन टंकलेखकापुरते उरलेच नाही. ऑगस्ट २०१७ पासून गुगलच्या कळफलकावर मराठीत बोलूनही मजकूर लिहिता येऊ लागला. महसूल विभागाने १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन उपलब्ध करून दिला, तेव्हा शेतकऱ्याच्या घरातच युनिकोड मराठीचा प्रवेश झाला.

मागे राहिलेले दस्तऐवज

लेखनाचा प्रश्न असा सुटला, वाचनाचा मात्र शिल्लक आहे. साधारणतः १९९० ते २०१० या काळात जुन्या फाँटमध्ये तयार झालेला मजकूर प्रचंड आहे. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीचे वार्षिक अहवाल, पतसंस्थांची इतिवृत्ते, स्थानिक साप्ताहिके, स्मरणिका, गौरवग्रंथ आणि महाविद्यालयीन प्रबंध हीच जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासाची साधने होत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा होऊ लागले. तथापि जुन्या फाँटमधील पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसली तरी संगणकाच्या लेखी ती निरर्थक चिन्हेच असतात. आज अभ्यासकाला 'अहमदनगर' आणि 'अहिल्यानगर' ही दोन्ही नावे घालून शोध घ्यावा लागतो. जुन्या फाँटमधील फाईलींत त्यांपैकी एकही नाव सापडत नाही. ज्या कागदांची छापील प्रत उरली नाही व ज्यांचा फाँट हरवला, ते वाचणे मोडीहूनही अवघड आहे, कारण मोडी शिकता तरी येते. योगायोग असा की, २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाची लिपी संगणकात आली, आणि वीस वर्षांपूर्वीचा अहवाल बाहेर राहिला.

निष्कर्ष

१) मराठी वापरकर्त्याचा नव्या कार्यप्रणालीस झालेला विरोध मुख्यतः कौशल्य व दस्तऐवज यांच्या रक्षणासाठी होता. १९१७ नंतर मोडी लिहीत राहिलेल्या कारकुनाशी त्याचे नाते आहे.

२) ज्या साधनांनी जुनी सवय नव्या व्यवस्थेत सामावून घेतली, त्यांनीच बदल यशस्वी केला.

३) अक्षराचे वळण, 'ॲ' आणि अर्धा 'र' यांविषयीच्या तक्रारी भाषिकदृष्ट्या रास्त होत्या व कालांतराने त्यांची दखल घ्यावी लागली.

४) जुन्या फाँटमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आज उपलब्ध आहेत. महाविद्यालये, ग्रंथालये व सहकारी संस्थांनी आपापल्या फाईली, त्यांच्या फाँटच्या नावासह, आताच नोंदवून रूपांतरित करून घेणे आवश्यक आहे. विंडोज १० चे साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने मराठीसाठी जपलेले जुने संगणक आता मोडीत निघतील. त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या दोन दशकांचे लेखन भंगारात जाऊ नये, ही जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकांवर प्रथम येते.